पाणी नितळ झालं, घोळ तिथेच आहे

‘लोक सगळे मोठे ब्राउन ट्राउट मासे पकडून नेतात म्हणून ते मिळत नाहीत’ असं काही जण म्हणतात; अमेरिकेतल्या मिशिगन सरोवरापुरतं तरी ते मला अर्धंच पटतं. २०१० साली याच सरोवरात रसीन शहराजवळ ४१ पौंडांहून जड ब्राउन ट्राउट सापडला होता. पण तेवढं अंग धरायला खाणं लागतं. जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून (तोल राखायला जहाजात भरतात त्या पाण्यातून) आलेल्या, क्वागा नावाच्या परक्या शिंपल्यांनी तळ व्यापलाय. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, म्हणजे प्लवक, हे शिंपलेच गाळून खातात. मग प्लवकावर जगणारे एलवाइफ हे छोटे मासे उपाशी, आणि त्यांच्यावर पोसणारा ट्राउटही.

शिवाय प्लवक असे गाळले गेल्याने पाणी इतकं नितळ झालंय की दिवसाउजेडी मासा काठाला फिरकत नाही. याच सरोवराकाठच्या मिलवॉकी शहराच्या धक्क्यावर माझ्या गळाला जे दोन-तीन बरे लागले, ते अंधार पडल्यावरच. (बायकोला मात्र हे कारण अजून पटलेलं नाही.)