मदत हवी आहे : एमएलएस बाद फेरीतील तीन सामन्यांचे कोडे

नमस्कार मंडळी. अमेरिकेतील मेजर लीग सॉकर (एमएलएस) या फुटबॉल स्पर्धेच्या बाद फेरीविषयी जाणकारांकडून मार्गदर्शन हवे आहे. २०२३ पासून पहिल्या फेरीत तीनपैकी दोन सामने जिंकणारा संघ पुढे जातो; बरोबरी झाल्यास जादा वेळ न देता थेट पेनल्टी शूटआउट होते आणि गोलांची बेरीज धरलीच जात नाही. पुढच्या फेऱ्यांचा निकाल मात्र एकाच सामन्यात लागतो. २०२४ मध्ये साखळीत विक्रमी ७४ गुण मिळवणाऱ्या मेस्सीच्या इंटर मायामीला पूर्व विभागात नवव्या आलेल्या अटलांटा युनायटेडने याच फेरीत, तिसऱ्या सामन्यात ३-२ असे गारद केले, तेही मायामीच्याच मैदानावर. बलाढ्य संघांना सावरण्याची संधी मिळावी हा हेतू असेल, तर ती सवलत पहिल्याच फेरीपुरती का? मला तरी यात तिकीटविक्रीचाच हिशेब दिसतो. तिकडे राहून सामने पाहणाऱ्यांनी कृपया खुलासा करावा.