उंदरांवरून माणसाच्या बाळाबद्दल किती बोलायचं?

प्रश्न असा आहे की गाभण उंदरीला मॉर्फिन दिल्यावर पिल्लांची ताणाला मिळणारी प्रतिक्रिया बदलते, मग माणसांतही तसंच का धरू नये? यंत्रणा सारखीच आहे: हायपोथॅलॅमस (मेंदूचा एक भाग), पिट्युटरी आणि अॅड्रिनल या ग्रंथी, म्हणजे ताणाला प्रतिसाद देणारी संप्रेरकांची साखळी. ओपिऑइड (मॉर्फिन आणि त्याच्यासारखी औषधं) वार (प्लासेंटा) ओलांडून गर्भापर्यंत पोचतात आणि नेमकी हीच साखळी घडत असताना तिच्यात ढवळाढवळ करतात. इथवर मान्य.

पण उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचा मेंदू बराच कच्चा असतो; आपल्या गर्भाच्या शेवटच्या तिमाहीतली वाढ त्याच्यात जन्मानंतर होते. म्हणजे औषधाची वेळच जुळत नाही. शिवाय प्रयोगात पिल्लं जन्मताच औषध न दिलेल्या मादीला लावता येतात, म्हणून औषधाचा परिणाम आणि आईच्या संगोपनाचा परिणाम वेगळे काढता येतात. माणसांत मात्र सिगारेट, गरिबी, आईचं नैराश्य, बाळाची ताटातूट सगळं एकत्र येतं. मोठेपणीचं कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) मोजून दोष एकट्या औषधावर टाकणं मला तरी घाईचं वाटतं. (बातम्यांचे मथळे तेच करतात.)

आणि हे वाचून कुणी गरोदरपणात मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन (ओपिऑइडच्या व्यसनावर उपचार म्हणून दिली जाणारी औषधं) मनानेच बंद करू नये. एकदम तोडल्यास पुन्हा व्यसनाकडे वळण्याचा धोका मोठा. २०१० च्या एका मोठ्या चाचणीत ब्युप्रेनॉर्फिन घेतलेल्या आयांच्या बाळांना, मेथाडोनच्या तुलनेत, जन्मानंतर औषध तुटल्याच्या त्रासावर द्यावं लागणारं मॉर्फिन बरंच कमी लागलं होतं. म्हणजे औषध बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोलता येतं.