मणक्याच्या फ्युजननंतरही पाय बधिर, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आईचं एल४-एल५ फ्युजन (कमरेचे दोन मणके स्क्रूने जोडण्याचं ऑपरेशन) गेल्या वर्षी झालं. स्क्रू जागेवर आहेत, हाड जुळलंय. तरी डाव्या पोटरीत मुंग्या, पाऊल बधिर आणि रात्री नुसती आग. नस फार काळ दबलेली असली की सावकाश सुधारते, कधी पूर्ण सुधारतही नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंय. प्रीगॅबालिन (नसेच्या दुखण्यावरची गोळी) चालू आहे, पण त्याने ती दिवसभर गुंगीत असते. लघवी-शौचावरचा ताबा ठीक आहे. तो बिघडला तर तातडीने दवाखाना गाठायचा, हे माहीत आहे.

आता नवीनच काळजी. रंकाळ्यावर थोडं चाललं की दोन्ही पाय जड होतात, बाकावर बसली की बरं वाटतं. फ्युजनच्या वरच्या मणक्यावर ताण येऊन असं कुणाला झालंय का? पुन्हा एमआरआय काढलात का? दुसरं मत कोल्हापुरातच घ्यावं की मिरजेला जावं?

राजारामपुरीत घरी येणारे, अशा ऑपरेशननंतरचे पेशंट खरोखर हाताळलेले फिजिओथेरपिस्ट माहीत असतील तर नक्की सांगा. मालिशवाले, हाड बसवणारे कृपया सुचवू नका, पाठीत स्क्रू असताना मी तो धोका घेणार नाही. आणि गुंगीसाठी तुमच्या डॉक्टरांनी डोस बदलला की गोळीच बदलली?