ऑनलाइन सायकल घेताना फ्रेमचं माप कसं ठरवलंत? अनुभव लिहा

दोन वर्षांपूर्वी मी ऑनलाइन सायकल मागवली, ती उंचीचा तक्ता बघून. माझी उंची ५ फूट ३ इंच. तक्त्यात मीडियमपुढे ५ फूट ३ ते ५ फूट ७ असं लिहिलेलं. बसतेय की मी यात, म्हणून ऑर्डर देऊन टाकली. सायकल आली, सोसायटीत चार फेऱ्या मारल्या, सगळं छान वाटलं. खरं काय ते कळलं कापूरबावडीच्या सिग्नलला. सिग्नल लाल झाला म्हणून सीटवरून पुढे उतरले, तर तळवे जमिनीला टेकायच्या आधी मधली दांडी लागली. चवड्यांवर कशीबशी उभी, सायकल एका बाजूला कललेली आणि मागे बस हॉर्न देतेय. त्या दिवशी कोलशेतपर्यंत सायकल हातात धरून चालत आले.

घरी येऊन टेपनं मोजलं. मधली दांडी जमिनीपासून ७७ सेंटिमीटर, माझ्या पायाची आतली लांबी ७४. हे ७४ मी सायकल घेण्याआधी मोजायला हवं होतं, आणि त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. अनवाणी भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं, पावलांमध्ये वीतभर अंतर ठेवायचं, एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांमध्ये धरून वर घट्ट दाबायचं, जणू सीटवर बसलोय. पुस्तकाच्या वरच्या कडेपाशी भिंतीवर पेन्सिलीची खूण करायची आणि तिथून जमिनीपर्यंत मोजायचं. तीनदा मोजा, दर वेळी थोडा फरक पडतो. पँटचं माप यासाठी चालत नाही. शिंपी घोट्यापर्यंत मोजतो.

फ्रेमच्या मापाचा ढोबळ हिशेब असा. रोड बाइक असेल तर ही लांबी गुणिले ०.६७, उत्तर सेंटिमीटरमध्ये. माउंटन बाइक किंवा तशाच बांध्याची हायब्रिड (रोड आणि माउंटन बाइकच्या मधली) असेल तर सेंटिमीटरच्या आकड्याला ०.२२६ ने गुणायचं, उत्तर इंचात. माझं येतं १६.७ इंच आणि घेतली होती १८ ची. परत करायचे दिवस तोवर उलटून गेले होते. सीट खाली घेतली, हँडलचा स्टेम (हँडल फ्रेमच्या पुढच्या टोकाला जोडणारा तुकडा) १०० मिलिमीटरचा काढून ६० चा लावला, त्यानं हात जवळ आले. पण दांडी काही खाली आली नाही. शेवटी आमच्या मजल्यावरच्या एका उंच मुलीला ती सायकल निम्म्या किमतीत दिली.

ठाणे, नवी मुंबईत ऑनलाइन सायकल घेतलेले बरेच जण इथे असतील. तुम्ही माप कसं ठरवलंत, काय चुकलं, काय जमलं, ते लिहा. उंची आणि पायाची आतली लांबी दोन्ही लिहा, म्हणजे पुढच्या माणसाला स्वतःशी ताडून बघता येईल.

नौपाड्याहून

आमच्या वेळी सायकल घेताना दुकानदार विचारायचा, बावीस की चोवीस? ते फ्रेमचं माप. चाकं दोन्हींना २८ चीच. दुकानदार टांग टाकून उभं राहायला लावायचा आणि दांडी नि माणूस यांच्यात दोन बोटं तरी शिरतात का बघायचा. मी साडेपाच फुटांचा, मला बावीस.

मागच्या वर्षी मुलानं पुण्याहून फोन केला, बाबा, तुमच्यासाठी २६ ची मागवतोय. मी म्हटलं, अरे चोवीस मला मोठी होते, सव्वीसवर मी चढणार कसा? तो म्हणाला, आता अशीच मापं असतात. आम्ही दोघंही वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होतो, आणि ते दोघांनाही कळलं नाही. २६ हे चाकाचं माप होतं. फ्रेमचा आकडा जाहिरातीत खाली बारीक अक्षरात होता, १५ इंच. सायकल आली ती मला लहान. सीट वर करायची असते हे मला सुचलं नाही, कारण आमच्या सायकलींची सीट एकदा लावली की वर्षानुवर्षं तशीच. तलावपाळीला रोज दोन फेऱ्या मारायचो. तीन आठवड्यांत गुडघ्याच्या वाटीपुढे दुखायला लागलं. पाय सरळच होत नव्हता ना.

ताई, तुमच्या पद्धतीनं आत्ता मोजलं. ७७ भरलं. म्हणजे १७ च्या जवळपास हवी होती. मुलाला हा धागा पाठवतोय.

नेरुळहून

उंची ५ फूट ११, आतली लांबी ८६. पाय लांब, धड आखूड. हे मला सायकल चुकेपर्यंत माहीत नव्हतं, कारण आपण स्वतःला उंचीच्या एकाच आकड्यानं ओळखतो.

८६ गुणिले ०.६७ म्हणजे ५७.६. म्हणून ५८ ची रोड बाइक घेतली. पायाला अगदी बरोबर. ग्रेग लेमॉंड (टूर द फ्रान्स तीनदा जिंकलेला, १९८६, १९८९ आणि १९९०) यानं लोकांपर्यंत पोचवलेलं एक सूत्र आहे. पायाची आतली लांबी गुणिले ०.८८३, म्हणजे क्रँकच्या (पायडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या) मध्यापासून सीटच्या वरच्या टोकापर्यंतचं अंतर. माझं ७६ येतं, तिथे सीट लावली आणि पाय मस्त फिरायला लागले. पण पाम बीच रोडला वाशीपासून बेलापूरपर्यंत गेलो की परतताना करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर. आधी वाटलं हातमोज्यांचा दोष. मग एकानं मागून येताना बघून सांगितलं, तुझे कोपर ताठ आहेत, तू हँडलवर वजन टाकून लोंबकळतोयस. फ्रेम वाढते तशी वरची दांडीही (ताईंची मधली दांडी ती हीच) लांब होत जाते, सीटपासून हँडल दूर जातं. पायानं ५८ म्हटलं, पाठ आणि हात ५६ म्हणत होते.

स्टेम ११० चा होता, ८० चा लावला. बोटांचं बरंचसं थांबलं, पण सायकल वळवताना पूर्वीसारखी शांत वाटत नाही. पुढची सायकल घेईन तेव्हा ५६ ची घेईन आणि सीट जास्त वर काढेन. ताईंच्या सूत्रात मी एवढीच भर घालेन की उत्तर आल्यावर कंपनीच्या तक्त्यात वरच्या दांडीची लांबीही बघा, आणि सध्या जी सायकल सोयीची वाटते तिच्याशी ती ताडा.

ऐरोलीहून

फ्रेम लहान पडली म्हणून सीटचा दांडा वर काढत गेलो. दांड्यावर एक आडवी रेघ असते, त्याच्या वर काढू नये अशी. मी दोन बोटं वर काढला. सहा महिन्यांनी फ्रेमच्या नळीला वरच्या टोकाशी चीर गेली. वेल्डिंगवाला म्हणाला, अॅल्युमिनियम आहे, करून देईन पण भरवसा देणार नाही. फ्रेम गेली. लांब दांडा वेगळा मिळतो, तो घ्यायला हवा होता. फक्त जाडी जुळवून घ्या. २७.२, ३०.९, ३१.६ अशा वेगवेगळ्या असतात.

घोडबंदर रोडहून, एका आईचा अनुभव

मुलाच्या नवव्या वाढदिवसाला २४ च्या चाकांची सायकल मागवली. सगळे म्हणाले, वाढत्या अंगाची घे, दोन वर्षं तरी चालेल. कपड्यांसारखंच वाटलं मला. त्याची उंची तेव्हा १२८ सेंटिमीटर होती. सीट अगदी तळाला नेली तरी त्याचे अंगठे जेमतेम टेकायचे. पहिल्या आठवड्यात दोनदा पडला आणि तिसऱ्या दिवसापासून सायकल नको म्हणायला लागला. मी त्याला भित्रा म्हटलं. ते अजून मनाला लागून राहिलंय, म्हणून इथे लिहितेय.

बहिणीच्या मुलाची २० ची सायकल सुट्टीत घरी आली, तर हाच मुलगा तासभर खाली उतरला नाही. दोन्ही पाय टेकतात म्हटल्यावर भीतीच गेली. मुलांचं माप चाकावर लिहिलेलं असतं, पण खरं बघायचं ते सीट सगळ्यात खाली नेल्यावर जमिनीपासून किती उंच राहते ते. ती उंची मुलाच्या पायाच्या आतल्या लांबीइतकी किंवा कमी हवी. विक्रेत्यानं दिली नसेल तर विचारून घ्या.

आणि ब्रेक. त्याच्या बोटांना लिव्हर पुरतच नव्हता, हे मला पडल्यावर कळलं. लिव्हरच्या बुडाशी बऱ्याचदा एक छोटा स्क्रू असतो, तो आत फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

२४ ची सायकल गॅलरीत चादर घालून ठेवलीय. पुढच्या वर्षी काढू.

खारघरहून

माझा थोडा वेगळा मुद्दा आहे. १७८ सेंटिमीटर, आतली लांबी ८०. ०.२२६ चं सूत्र मला १८ इंच सांगतं. पण हल्लीच्या माउंटन बाइकमध्ये सीटची नळी (फ्रेमची ज्यात सीटचा दांडा शिरतो ती) मुद्दाम आखूड ठेवतात, उतारावर सीट खाली नेता यावी म्हणून. मी बघत होतो त्या मॉडेलमध्ये १८ इंचांची नळी एक्स्ट्रा लार्जला होती. सूत्रावर विसंबलो असतो तर ती घेतली असती आणि पुढे हँडल गाठता गाठता पाठ मोडली असती.

मुळात सीटच्या नळीची लांबी म्हणजे फ्रेमचं माप हे जुळायचं तेव्हा वरची दांडी आडवी, जमिनीला समांतर असायची. १९९० च्या दशकात माइक बरोज या इंग्लिश डिझायनरनं जायंट कंपनीसाठी उतरत्या दांडीची टीसीआर ही रोड बाइक काढली आणि स्मॉल, मीडियम, लार्ज एवढ्यावर काम भागवलं. आता उतरती दांडी सगळीकडेच दिसते. म्हणून एका कंपनीचा मीडियम दुसरीच्या मीडियमशी जुळेलच असं नाही.

मी रीच आणि स्टॅक बघून घेतली. क्रँकच्या मध्यापासून हँडल जिथे फ्रेममध्ये शिरतं त्या नळीचं वरचं टोक किती पुढे, तो रीच. किती वर, तो स्टॅक. सीट कुठेही असो, हे बदलत नाहीत. माझ्या मित्राच्या सायकलवर मला आरामात बसता येतं, तिचाच रीच घरी मोजला. सायकल सरळ उभी करून मागचं चाक भिंतीला टेकवायचं. भिंतीपासून क्रँकच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं, मग भिंतीपासून त्या नळीच्या टोकापर्यंतचं. दुसऱ्यातून पहिलं वजा करायचं. ४७ सेंटिमीटर आला. त्या मॉडेलच्या लार्जचा ४७५ मिलिमीटर होता, एक्स्ट्रा लार्जचा ५०५. लार्ज घेतली, दीड वर्ष झालं, स्टेमसुद्धा बदलावा लागलेला नाही.

साध्या हायब्रिडला ताईंचं सूत्र चालतं, त्याबद्दल वाद नाही.

वाशीहून, सायकल दुरुस्तीच्या दुकानातून

खोक्यातून आलेली सायकल जोडून द्यायचं काम आमच्याकडे रोज असतं, वडिलांपासून. गिऱ्हाईक सायकल जोडून घेतं, खोकं आमच्याकडेच टाकून जातं, आणि आठ दिवसांनी येतं, दादा, ही मोठी होतेय. खोकं नाही तर परत कशी करणार? म्हणून पहिली विनंती, माप पटेपर्यंत खोकं आणि आतले पुठ्ठे जपून ठेवा.

जोडण्याआधीच फ्रेम मोजता येते. क्रँकच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत टेप धरा. नळीवर बहुतेक वेळा मापाचं स्टिकरही असतं. खोक्यावर एक आकडा आणि फ्रेमवर दुसरा, असंही मी पाहिलंय. काही कंपन्या टोकापर्यंत न मोजता जिथे वरची दांडी मिळते तिथपर्यंत मोजतात, त्यामुळे एक-दोन सेंटिमीटरचा फरक आला तर लगेच घाबरू नका.

जोडल्यावर दाराच्या चौकटीला धरून सीटवर बसा. टाच पायडलवर ठेवून उलटं फिरवा. खालच्या टोकाला पाय सरळ झाला आणि कंबर डुलली नाही, तर सीटची उंची ठीक. मग उतरून दांडीवर उभे राहा. शहरातल्या सायकलीला बोटभर तरी मोकळं हवं, येऊरच्या जंगलात खडकाळ वाटेवर चालवणार असाल तर त्याच्या दुप्पट.

आणखी एक. घरी जोडताना काही जण पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) उलटा बसवतात. मग पायाचा अंगठा पुढच्या चाकाला लागतो आणि वाटतं फ्रेम लहान आहे. ब्रेक मागच्या बाजूला दिसत असेल तर आधी फोर्क बघा. पुढच्या ब्रेकची जागा पुढे असते, डिस्क ब्रेक असेल तर तो मात्र फोर्कच्या डाव्या पायावर मागेच असतो, त्यात गोंधळू नका.

नौपाड्याचे काका, १५ ची सायकल विकू नका. लांब दांडा घालून सीट वर घेतली आणि हँडल थोडं उंचावलं तर तुमचं काम होईल असं मला वाटतं. लहान फ्रेम थोडी वाढवता येते, मोठी कमी करता येत नाही. एकदा सायकल घेऊन या.

कोपरखैरण्याहून

ताई, माझी सायकल अजून यायचीय. उंची ५ फूट १, आतली लांबी तीनदा मोजली, ७०, ७१, ७०. साडीवर नाही, पण कुर्ता घालून ऑफिसला जायचंय, सेक्टरमधल्या सेक्टरमध्ये. मी १७ ची ऑर्डर केलीय, कारण १५ ला साइटवर मुलांची असं लिहिलं होतं. अजून पाठवलेली दिसत नाही. रद्द करू का?

धागाकर्ती

रद्द कर. ७० गुणिले ०.२२६ म्हणजे १५.८. मुलांची लिहिलंय त्याकडे लक्ष देऊ नकोस, १५ किंवा १६ ची बघ, आणि दांडीची जमिनीपासूनची उंची ६८ च्या आत आहे का ते विक्रेत्याला विचार. कुर्त्यासाठी खाली वाकलेल्या दांडीची फ्रेम मिळाली तर आणखी बरं, टांग टाकावी लागत नाही आणि सिग्नलला सरळ खाली उतरता येतं. उत्तर आलं की इथे लिही, मी बघतेय.

कोपरखैरण्याहून

रद्द केली. १५ च्या एका सायकलची दांडीची उंची विचारलीय. त्यांनी लिहिलंय, मोजून उद्या कळवतो.