चौथीच्या मुलांनी केलेल्या ध्वनिफिती वर्गाबाहेर जाव्यात का?

धरमपेठकर (धागाकर्ता)

माझी मुलगी चौथीत आहे. परिसर अभ्यासाच्या प्रकल्पासाठी दरवर्षीप्रमाणे थर्माकोलचा देखावा न करता तिने आजीची मुलाखत मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली. आजी नागपुरात अंबाझरी तलावाच्या परिसरात राहते आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे, तलाव ओसंडून नाग नदीला पूर आला तेव्हा, ती घरातच होती. पहिल्या मुद्रणात आजी एवढेच म्हणाली, “बहुत पाणी आलं होतं.” मुलीने ते ऐकले, पुन्हा ऐकले, आणि यातून ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही असे स्वतःच ठरवून दुसऱ्या दिवशी ती मोजपट्टी घेऊन गेली. आजीने देव्हाऱ्याची खालची फळी दाखवली. जमिनीपासून ती ३ फूट २ इंच भरली. हा आकडा तिने दीड मिनिटाच्या ध्वनिफितीत स्वतःच्या आवाजात घातला आणि बाईंनी ती फीत शाळेच्या सार्वजनिक पानावर ठेवली. ओळखीच्या काही पालकांना हे खटकले आहे. माझ्या मते प्राथमिकच्या मुलांनी असे काम करावे आणि ते लोकांपुढेही ठेवावे. आपले मत काय?

खडूफळा, महाल

एकतीस वर्षे प्राथमिकला शिकवले, त्या अधिकाराने लिहितो. आपण ज्याचे श्रेय मोबाइलला देत आहात ते आजीचे आणि मोजपट्टीचे आहे. तीच मुलगी वही घेऊन गेली असती तरी फळी तेवढ्याच उंचीवर असती. आपले उदाहरण चांगले आहे हे मान्य, पण माझ्याकडे नातवंडांच्या शाळांमधून जे व्हिडिओ येतात त्यांत मूल पडद्यासमोर ताठ उभे असते, कॅमेऱ्यामागे आईने धरलेला कागद वाचताना त्याचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकत असतात, आणि शेवटी “हास ना” असा दबका आवाज ऐकू येतो. यात निर्मिती आईची आहे. शिवाय ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो सकाळी आठला वडिलांबरोबर कामावर जातो, त्या घरच्या मुलाने हा प्रकल्प रात्री दहाला करायचा का? कोविडकाळात, २०२० साली, केंद्र सरकारच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनी पहिली ते आठवीच्या ऑनलाइन वर्गांना दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या दोन सत्रांची मर्यादा घातली होती. त्या वेळी पडद्याची जी काळजी वाटत होती ती इतक्या लवकर कुठे गेली, हे मला उमजत नाही.

धरमपेठकर

गुरुजी, आईच्या कागदाबद्दल आपले म्हणणे खरे आहे, आणि तसे व्हिडिओ मीही सक्तीने पाहिले आहेत. पण वहीबद्दल मी सहमत नाही. वहीत तिने “खूप पाणी आले होते” असे लिहिले असते, त्यावर बरोबरची खूण झाली असती आणि विषय संपला असता. आपलेच काम परक्यासारखे कानावर पडल्यामुळे त्यातली उणीव तिला जाणवली. १९६७ साली मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार करणाऱ्यांपैकी एक, सेमूर पॅपर्ट, यांची मांडणीच अशी होती की इतरांना दाखवता येईल अशी वस्तू घडवताना मूल उत्तम शिकते. ‘प्रज्ञाता’चा आक्षेपही इथे लागू होत नाही, कारण ती मर्यादा समोर बसून ऐकण्याच्या वर्गांसाठी होती आणि माझ्या मुलीचा बहुतेक वेळ मोबाइल खाली ठेवून आजीच्या घरात गेला.

काटोल रोडची आई

आपण दोघे ‘करावे का’ यावर वाद घालत आहात. माझी हरकत ‘सार्वजनिक पानावर ठेवावे का’ याला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. शाळांना काय लागू होते आणि काय नाही हे जाणकारांनी सांगावे, पण कायदा बाजूला ठेवला तरी एका फितीत मुलीचे नाव, वर्ग, शाळा, आवाज आणि आजी कोणत्या भागात राहते हे सगळे एकत्र आले आहे. प्रवेशाच्या वेळी भरलेल्या अर्जात बारीक अक्षरात एक ओळ असते, तिला मी संमती म्हणत नाही. आणि एक विचारते, रागावू नका: आजीला विचारले होते का?

धरमपेठकर

मुलाखतीसाठी विचारले होते. शाळेच्या पानावर ठेवण्यासाठी नाही. काल फोन करून सांगितले, तेव्हा ती म्हणाली, देव्हाऱ्यापर्यंत पाणी आल्याचे चारचौघांत सांगायचे नव्हते. ती फीत काढून घेण्याची विनंती मी बाईंना केली आहे.

चौथी ब

मी शिकवते, म्हणून वर्गातली पद्धत सांगते. माझ्या वर्गात ३८ मुले आणि एकच टॅब आहे, त्यामुळे घरच्या मोबाइलचा प्रश्नच ठेवलेला नाही. पाच-सहा जणांचा गट करते, मुद्रण शाळेतच होते, आणि दुसऱ्या गटाने ऐकून तीन प्रश्न विचारल्याशिवाय काम पूर्ण धरत नाही. नावे फितीत घेत नाही. फिती टॅबमध्येच राहतात आणि पालकसभेच्या दिवशी वर्गात ऐकवल्या जातात. श्रोते तेवढे पुरतात, कारण मुलांना शेजारच्या बाकावरच्या प्रश्नाची जेवढी धास्ती असते तेवढी अनोळखी लोकांच्या ‘लाइक’ची नसते. गुरुजींसाठी मात्र कबूल करते, की या कामाला तीन आठवडे गेले आणि गणिताचे दोन पाठ मागे पडले.

खडूफळा, महाल

बाई, दुसऱ्या गटाचे तीन प्रश्न मला आवडले; ते टॅबशिवायही विचारता येतील, हे माझे पालुपद मी सोडणार नाही. मागे पडलेल्या दोन पाठांत भागाकार होता का?

चौथी ब

होता, गुरुजी. शनिवारी जादा तास घेत आहे.