आईच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी रात्रभर ठेवली तर चालते का?

मेढ्याची_लेक:
आमच्याकडं मेढ्याला थंडी चांगलीच पडलीये, पहाटे दात वाजतात. आईला १५ वर्षं झाली शुगर आहे, पाय गार पडतात म्हणून रोज रात्री पिशवीत उकळतं पाणी भरून तिच्या पायाशी देते. आज सकाळी मोजे काढले तर घोट्यापाशी रुपयाएवढा फोड, आणि तिला पत्ताच नाही, म्हणते दुखत नाही गं. मला रडूच आलं. इलेक्ट्रिकची पिशवी घेऊ का त्यापेक्षा?

कृष्णाकाठ_वाई:
ताई, मी नर्स आहे. फोड फोडू नका, हळद-टूथपेस्ट काही लावू नका, आजच डॉक्टरांना दाखवा. दुखत नाही हीच तर काळजीची गोष्ट आहे, शुगरनं पायाच्या नसा बधिर होतात त्यामुळं चटका कळत नाही आणि माणूस पाय मागं घेत नाही. ६० डिग्रीच्या पाण्यानं ५ सेकंदात भाजतं हे समजू शकतो आपण, पण ४४ डिग्रीची वस्तू, जी हाताला नुसती ऊबदार लागते, तीसुद्धा ६ तास एकाच जागी टेकून राहिली तर कातडी भाजते. म्हणून पिशवी झोपायच्या अर्धा तास आधी अंथरुणात ठेवायची आणि आई आडवी व्हायच्या आत काढून घ्यायची. पाय नाही, अंथरूण गरम करायचं.

सांगलीकर७२:
उकळतं पाणी तर भरूच नका, रबर लवकर खराब होतं. दोन भाग पाणी, एक भाग रिकामा, मग झाकण लावायच्या आधी पाणी तोंडाशी येईस्तोवर पिशवी हळू दाबून हवा काढायची. वायसर बघा, आणि कोरडी पिशवी वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या की टाकून द्या. आमची माळ्यावरची जुनी पिशवी तशीच वापरली, मिसेसच्या मांडीवर शिवणीपाशी फुटली, महिनाभर ड्रेसिंग चालू होतं.

कास_पठार:
इलेक्ट्रिकची पण रात्रभर नकोच, पाय बधिर असतील तर धोका तोच. चार्जिंगला असताना अंगाजवळ घ्यायची नाही, फुगलेली दिसली तर परत लावायची नाही. आणि कुणी निखाऱ्याची शेगडी सुचवेल, पण दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत ती अजिबात ठेवू नका, त्यातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

मेढ्याची_लेक:
दवाखान्यात जाऊन आलो, ड्रेसिंग केलंय, परवा परत बोलावलंय. आज अंथरूण आधी गरम केलं, पिशवी काढली, खाली घोंगडी टाकली आणि सैल लोकरी मोजे घातले. आई म्हणाली आज बरं वाटतंय. खूप आभार सगळ्यांचे.