मदत हवी आहे: माझ्या मीटरवरून शेजारी वीज ओढतायत, कुठलं कलम लागेल?
घरातला मेन स्विच बंद केला तरी मीटरचा लाल दिवा लुकलुकतोच, वायरमनला दाखवलं तर मीटरच्या पुढे माझ्या वायरला जोड मारून एक केबल शेजारी गेलीय, शिवाय राग काढायला गच्चीवरच्या टाकीचा नळ मुद्दाम सोडून ठेवतात ते वेगळंच.

विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ मध्ये ३ वर्षांपर्यंत कैद आहे, पण ते कंपनीच्या लाइनवर आकडा टाकला किंवा मीटरमध्ये फेरफार केला तर ना, मग मीटरनंतरची चोरी त्यात बसते का? आणि पाण्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३२६ लागेल का?

फोटो काढलेत, केबलला हात लावलेला नाही. आधी वीज कंपनीकडे जाऊ की थेट पोलिसांत? घरात म्हातारे आईवडील आहेत, भांडण नकोय, पण बिल आम्ही का भरायचं? जाणकारांनी प्लीज सांगा.